तोल कानात असतो

नोबेल पारितोषिकाची बातमी माणसाला कुठं गाठेल, याचा नेम नसतो. रॉबर्ट बारानी यांना ती गाठली मध्य आशियातल्या मर्व या गावी, रशियनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत. साल १९१५. वय एकोणचाळीस. हिवतापानं पोखरलेलं अंग, एक गुडघा लहानपणापासून ताठ आणि घर दूर व्हिएन्नात. अशा माणसाला जगानं वैद्यकशास्त्रातला सर्वोच्च मान दिला, तो एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर केलेल्या कामासाठी. माणूस दोन पायांवर उभा राहतो, चालतो, गिरकी घेतो आणि तरी पडत नाही, तो कशाच्या जोरावर? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग कानात दडलेला आहे. तो तपासायचा कसा, हे बारानींनी दाखवून दिलं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना हे नाव पाठ असतं. आपल्या घराघरांत मात्र ते पोचलेलं नाही. ते पोचावं असं मला मनापासून वाटतं, त्याला कारण आहे. ज्या मुलांना ऐकू येत नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा तोलही कच्चा असतो आणि ही गोष्ट त्यांच्या आईवडिलांना कित्येकदा कोणी सांगतच नाही. मूल बोलत नाही, याची काळजी सगळं घर करतं. तेच मूल उशिरा बसलं, उशिरा चाललं, अंधारात धडपडलं, तर लोक त्याला धांदरट म्हणून मोकळे होतात.

बारानींचा जन्म व्हिएन्नातला, २२ एप्रिल १८७६ चा. हंगेरीकडून आलेलं ज्यू कुटुंब. सहा भावंडांत रॉबर्ट थोरला. आई प्राग शहरातल्या एका विद्वानाची मुलगी होती आणि घरावर छाप होती ती तिच्या बुद्धीची. रॉबर्ट लहान असतानाच त्याला हाडांचा क्षय झाला. त्यातून तो वाचला, पण गुडघा कायमचा आखडला. वैद्यकाची ओढ त्याला या दुखण्यातूनच लागली असावी, असं त्याच्या चरित्रकारांनी म्हटलं आहे. ज्याला स्वतःला एकेक पाऊल जपून टाकावं लागलं, त्यानं पुढं तोलाचाच अभ्यास करावा, यात माझ्यासारख्या कादंबरी लिहिणाऱ्याला आयता धागा दिसतो. पण तो फार ताणत नाही, कारण हा माणूस गुडघा धरून बसणारा नव्हता. तो जन्मभर टेनिस खेळला आणि डोंगर चढला. शाळेत तर पहिला नंबर त्यानं कधी सोडला नाही.

१९०० साली व्हिएन्ना विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. वर्षभर फ्रँकफर्टला आणि नंतर मेंदू व मनोविकारांचे मोठे तज्ज्ञ क्रेपेलिन यांच्याकडे ते शिकले. मेंदू आणि मज्जातंतूंची गोडी तिथं लागली. परत आल्यावर काही काळ शस्त्रक्रियेचे धडे घेऊन १९०३ मध्ये ते प्राध्यापक पोलिट्झर यांच्या कानाच्या रुग्णालयात रुजू झाले. कानाच्या वैद्यकाची पंढरीच म्हणावी असं ते ठिकाण होतं.

पण त्यांच्या आधीची ऐंशी वर्षंही थोडक्यात पाहायला हवीत, म्हणजे हाती आलेली शिल्लक कळते. फ्रान्समध्ये फ्लुरांस यांनी १८२० च्या दशकात कबुतरांच्या कानांतल्या अर्धवर्तुळाकार नळ्या कापून पाहिल्या. कबुतरांना ऐकू येत राहिलं, पण त्यांची मान आणि चाल सैरभैर झाली. पुढं पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली मांडलं, की चक्कर कानातूनही येऊ शकते. तोवर चक्कर म्हणजे मेंदूत रक्त चढलं असं समजून रोग्याचं रक्त काढत असत. आमच्या पनवेलमध्ये धूतपापेश्वरचा औषधी कारखाना सुरू झाला १८७२ साली. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिकडं माख आणि ब्रॉयर या दोघांनी स्वतंत्रपणे त्या नळ्यांचं काम उलगडलं.

हे काम समजायला अवघड नाही. अगदी आतल्या कानात, कठीण हाडाच्या पेटीत, ऐकण्याचा शंख आणि तोलाचं यंत्र शेजारी-शेजारी बसवलेलं आहे. तोलाच्या यंत्राला जागा लागते जेमतेम वाटाण्याएवढी. खोलीचा कोपरा बघा. दोन भिंती आणि जमीन जशा एकमेकींना काटकोनात मिळतात, तशा तीन बारीक नळ्या तिथं आहेत आणि त्यांत द्रव आहे. डोकं फिरलं की द्रव मागं रेंगाळतो आणि नळीतल्या केसांसारख्या पेशी वाकतात. फुगडी घालून थांबलं की द्रव मात्र फिरतच राहतो, म्हणून घर फिरतं. शिवाय दोन छोट्या पिशव्यांत चुन्याचे सूक्ष्म खडे आहेत. वर कुठं आणि खाली कुठं, हे ते सांगतात.

हे खडे काय करतात, हे आल्फ्रेड क्राइडल यांनी १८९३ साली व्हिएन्नात ज्या युक्तीनं दाखवलं, ती आम्हा कोकणातल्या लोकांना विशेष आवडावी. त्यांनी कोळंबी घेतली. कोळंबी कात टाकते, तेव्हा तिच्या तोलाच्या पिशवीतले वाळूचे कणही जातात आणि ती नवे कण उचलून आत भरते. क्राइडलनी टाकीत वाळूऐवजी लोखंडाचा कीस ठेवला. कोळंबीनं तोच भरला. मग वरून लोहचुंबक धरला, तशी कोळंबी उलटी होऊन पोहू लागली. तिच्या लेखी वर म्हणजेच खाली झालं होतं!

ऐकण्याचा शंख आणि तोलाचं यंत्र यांचा द्रव एकच, हाडाची पेटी एकच, मेंदूकडे जाणारी मज्जातंतूची जुडीही एकच. मग एकाला दुखापत झाली, तर दुसरं सुटेल कसं? हा प्रश्न अमेरिकेत विल्यम जेम्स या तत्त्वज्ञ-मानसशास्त्रज्ञाला पडला. त्यांनी ५१९ मूकबधिरांना गरगर फिरवलं किंवा त्यांच्याकडून माहिती घेतली आणि १८८२ साली हिशेब मांडला. १८६ जणांना मुळीच चक्कर आली नाही, १३४ जणांना जेमतेम आली आणि उरलेल्या १९९ जणांना इतरांसारखी आली. हार्वर्डच्या सुमारे २०० ऐकू येणाऱ्या मंडळींत चक्कर न येणारा एकच निघाला. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे आकडे पुष्कळ बोलतात. त्याच १८८० च्या दशकात मुंबईत बिशप मेरिन यांच्या पुढाकारानं मूकबधिर मुलांची शाळा निघाली होती. म्हणजे एकीकडं या मुलांना शिकवायची सोय होऊ लागली होती आणि दुसरीकडं त्यांच्या पायांचं कोडं कागदावर येत होतं.

जेम्स यांच्या त्या निबंधात आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्यांना चक्कर येत नव्हती, त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं होतं, की पाण्यात बुडी मारली की वर कुठलं नि खाली कुठलं हेच कळेनासं होतं. याचं कारण उघड आहे. तोलासाठी मेंदू तीन खाती ताळून पाहतो: डोळ्यांचं, पायांचं व सांध्यांचं, आणि आतल्या कानाचं. कानाचं खातं बंद असलं, तरी बाकीच्या दोघांवर दिवसाउजेडी व्यवहार चालतो. गढूळ पाण्यात डोळे निकामी होतात, पायांखाली जमीन नसते. तिन्ही खाती एकदम बंद. तळ्यांच्या, ओढ्यांच्या आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या गाढी नदीच्या या गावात ऐकू न येणाऱ्या मुलाला पोहायला शिकवताना ही गोष्ट ठाऊक असायलाच हवी. पोहू देऊ नका, असं मी म्हणत नाही. शिकवा, पण जाणत्या माणसाच्या नजरेखाली, आणि काळोखात किंवा गढूळ पाण्यात बुडी नको.

आमच्या आळीत एक मुलगी होती. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, कानाला यंत्र होतं. मंगळागौरीच्या जागरणात फुगडीला तिच्याशी कोणी टिकत नसे. बाकीच्या पोरी भेलकांडत भिंत धरायच्या आणि ही सरळ उभी. खंडाळ्याच्या घाटात एसटीतली निम्मी माणसं लिंबू हुंगत असायची, तेव्हा ही खिडकीतून मजेत बाहेर बघायची. सगळ्यांना तिचं कौतुक. पण हीच मुलगी आंधळी कोशिंबीर खेळताना डोळ्यांवर फडकं बांधलं की पहिल्या दोन पावलांत पडायची. लंगडीत कधी जमली नाही. वीज गेली की जिन्यात हमखास धडपडायची. एका डॉक्टरांनी ती अशक्त आहे म्हणून टॉनिक लिहून दिलं. घरातल्या मोठ्यांनी नीट बघून चालत जा, असं शेकडो वेळा सुनावलं. चक्कर न येणं आणि अंधारात पडणं ही एकाच नाण्याची दोन अंगं आहेत, हे तिच्या आईला कळलं ती दहा वर्षांची झाल्यावर, तपासणी झाली तेव्हा. त्या माउलीनं डोळ्यांना पदर लावला. मुलगी इतकी वर्षं उगीच बोलणी खात होती, याचं तिला वाईट वाटलं. ही तपासणी जिथून सुरू झाली, तिथंच आता परत जाऊ.

पोलिट्झर यांच्या रुग्णालयात बारानी रोग्यांचे कान पिचकारीनं धुवत असत. पुष्कळांना त्यानं गरगरायचं आणि डोळे एका लयीत एका बाजूला झटके देऊ लागायचे. असं का होतं, हे कोणी फारसं विचारलं नव्हतं. एकदा एका रोग्यानं तक्रार केली, की पाणी पुरेसं गरम नसलं की मला चक्कर येते. बारानींनी परिचारिकेला अधिक गरम पाणी आणायला सांगितलं. ते जरा जास्तच गरम निघालं. रोगी पुन्हा गरगरला. पण बारानींची नजर डोळ्यांवर होती. या खेपेस डोळ्यांचे झटके उलट्या दिशेला होते!

गार पाण्यानं एकीकडं, गरम पाण्यानं दुसरीकडं. विचार करता करता त्यांना आंघोळीच्या पाण्याचा बंब आठवला. बंब पेटवल्यावर वरचं पाणी कढत होतं आणि खालचं थंडच राहतं, हे आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या पोरासोरांनाही माहीत होतं. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, गार झालेलं जड होऊन खाली बसतं. कानातल्या नळीतला द्रव हेच करत असणार. डोकं स्थिर असूनही द्रव हलतो आणि मेंदूला वाटतं आपण फिरतो आहोत. १९०६ साली त्यांनी हे सविस्तर प्रसिद्ध केलं. पुढं १९८३ साली अवकाशयानात, जिथं जड-हलकं असं काही उरत नाही, तिथंही ही तपासणी करून पाहिली, तर डोळे तरीही हलले. म्हणजे बंबाचा न्याय हा सगळा खुलासा नव्हे, उष्णतेचा थेट परिणामही असावा. पण तपासणी खरी ठरली, ती ठरलीच.

तिचं मोल कशात, तर फिरवून पाहताना दोन्ही कान एकदमच तपासले जातात. पाण्यानं मात्र डावा वेगळा आणि उजवा वेगळा. कानाचा पू आतल्या यंत्रापर्यंत पोचला आहे का, हे शस्त्रक्रियेआधी कळणं त्या काळात जिवाचा प्रश्न होता. ते आता कळू लागलं. बारानींनी फिरती खुर्चीही तपासणीसाठी पद्धतशीर वापरली. तिला आजही त्यांच्या नावानं ओळखतात. एक कान तपासताना दुसऱ्याला गोंगाटात गुंतवून ठेवणारी किल्लीची पेटी त्यांनी बनवली. डोळे मिटून समोर बोट दाखवायला लावायचं आणि ते किती चुकतं यावरून आतल्या कानाची आणि लहान मेंदूची स्थिती ओळखायची, ही युक्तीही त्यांचीच. १९०९ साली त्यांचा विवाह झाला. पुढं दोन मुलगे आणि एक मुलगी झाली.

१९१४ साली महायुद्ध पेटलं. ताठ गुडघ्याचा हा माणूस ऑस्ट्रियाच्या सैन्याबरोबर डॉक्टर म्हणून गेला आणि डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार करू लागला. मार्च १९१५ मध्ये प्शेमिशलचा किल्ला पडला आणि ते कैद झाले. १९१४ चं राखून ठेवलेलं नोबेल त्यांना जाहीर झालं, ते छावणीत असताना. स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनी रेडक्रॉसच्या वतीनं रदबदली केली, तेव्हा १९१६ मध्ये सुटका झाली आणि स्टॉकहोमला राजाच्या हातून पारितोषिक मिळालं.

इथं कथा संपली असती तर गोड झाली असती. पण व्हिएन्नाला परतल्यावर स्वागताऐवजी वाट्याला आला आरोप. आधीच्या संशोधकांचं श्रेय तुम्ही पुरेसं दिलं नाही, असं त्यांच्याच सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं. शिल्लक जुनी होती, हे आपण पाहिलंच. पण फ्लुरांसपासून ब्रॉयरपर्यंतच्या कामाचं रोग्याच्या खाटेशी वापरता येईल असं साधन झालं, ते बारानींच्या हातून. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू घेतली. मन विटलेले बारानी १९१७ मध्ये उप्साला विद्यापीठात गेले आणि उरलेलं आयुष्य तिथंच राहिले. विशिष्ट बाजूला मान केली की येणाऱ्या चक्करेचं वर्णन त्यांनी १९२१ साली तिथूनच केलं. अखेरीस पक्षाघाताचा झटका आला, तरी लेखन सुटलं नाही. साठाव्या वाढदिवसाला देशोदेशीचे डॉक्टर उप्सालाला जमायचे होते. त्याच्या चौदा दिवस आधी, ८ एप्रिल १९३६ रोजी ते गेले.

त्यांच्यामागं हा अभ्यास कुठवर गेला, याचं एक उदाहरण सांगतो. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेला अंतराळात माणूस पाठवायचा होता आणि भोवळ-उलटीची धास्ती होती. शास्त्रज्ञांनी वॉशिंग्टनच्या गॅलोडेट या बधिरांच्या महाविद्यालयातले अकराजण निवडले. त्यांतल्या दहांचा आतला कान लहानपणीच्या मेंदूच्या आवरणदाहानं निकामी झाला होता. खवळलेल्या समुद्रात बोट नेली, तेव्हा शास्त्रज्ञ आडवे झाले आणि हे गडी पत्ते खेळत बसले. उणीव म्हणून हिणवली गेलेली गोष्ट तिथं देशाच्या कामी आली.

आता आपल्या घरातलं. ऐकू न येणाऱ्या प्रत्येक मुलाचा तोल कच्चा असतोच, असं नाही. जेम्स यांच्या हिशेबातले ते १९९ विसरू नयेत. पण मान उशिरा धरली, दीड वर्ष उलटूनही पाऊल टाकलं नाही, पाच वर्षांचं होऊनही एका पायावर काही सेकंद उभं राहता येत नाही, वाळूत, गादीवर, भाताच्या बांधावर किंवा अंधारात तोल जातो, अशी लक्षणं दिसली, तर कानाच्या डॉक्टरांना तोलाबद्दल आपणहून विचारावं. आता लहान मुलाला आईच्या मांडीवर बसवून खुर्ची हळू फिरवता येते आणि डोळ्यांच्या हालचाली यंत्र टिपतं. जन्मतः बहिरं आणि उशिरा चालणारं मूल असेल, तर त्याचे डोळेही तपासून घ्यावेत. अशर नावाच्या एका आनुवंशिक विकारात पुढं रातांधळेपणा येतो आणि नजर अरुंद होत जाते. कान नाही, आतला तोल नाही आणि नंतर डोळेही नाहीत, अशी वेळ येण्याआधी त्या मुलाला आणि घराला तयारीला वेळ मिळायला हवा. स्ट्रेप्टोमायसिनसारखी काही प्रभावी औषधं तोलाच्या पेशींना इजा करतात. ती आपल्या मनानं बंद करू नयेत, पण चालताना झोक जाऊ लागला तर डॉक्टरांना लगेच सांगावं. कानात शंखरोपणाची शस्त्रक्रिया करायची असेल, तेव्हाही तोलाची तपासणी आधी करून घेणं शहाणपणाचं. वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. पनवेलहून लोकलनं गाठता येते.

यावर उपाय म्हणजे सराव. बंद खातं बहुधा पुन्हा उघडत नाही, पण उरलेल्या दोघांना मेंदू अधिक जबाबदारी देतो. फळीवर चालणं, चेंडू झेलणं, मऊ गादीवर उभं राहणं, आणि आमच्या अंगणातली लंगडी. तज्ज्ञ त्याला व्यायाम म्हणतील, मुलं खेळ म्हणतील. जिन्यात रात्री एक दिवा ठेवावा. शाळेच्या कवायतीत डोळे मिटून उभं करू नये. आणि पडलंच, तर आधी उठवावं, बोलू नये.

कानाच्या दवाखान्यात आजही कुणाच्या तरी कानात कोमट-गार पाणी सोडलं जातं आणि डॉक्टर त्याच्या डोळ्यांत टक लावून बघतात. बघायची ही रीत ताठ गुडघ्याच्या त्या माणसानं घालून दिली. आपल्या मुलाचं पाऊल अडखळलं, तर तेवढंच टक लावून आपणही बघायला हवं.